वकिली सोडून कुलूप करायला बसलेला माणूस : अर्देशीर गोदरेज

घरफोडीची बातमी कुठल्याही तालुक्यातली असो, तिच्यात एक ओळ ठरलेली असते. बंद घराचा कडी-कोयंडा तोडून चोरटे आत शिरले. कुलूप उघडून शिरले, असं फार क्वचित वाचायला मिळतं. उलट बऱ्याचदा कुलूप जसंच्या तसं, उखडलेल्या कड्यात अडकून उंबऱ्याशी पडलेलं सापडतं. चोराने कुलपाशी झटापट केलीच नाही, त्याने शेजारची कच्ची जागा गाठली. म्हणजे कुलूप हरलं नाही, दार हरलं. कुलपाने नेमकं काय करायचं आणि कुठवर करायचं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका माणसाने इतका मनावर घेतला की त्याचं आडनावच आज कपाटाला लागलं आहे.

मुलीच्या लग्नात द्यायचं लोखंडी कपाट कुठल्याही कंपनीचं असो, गावात त्याला गोदरेजच म्हणतात. सोसायटीच्या ऑफिसातली, पतपेढीतली, देवस्थानच्या खोलीतली जाडजूड तिजोरीही बहुतेकांच्या तोंडी गोदरेजच. मध्य रेल्वेच्या लोकलने घाटकोपर सोडलं की पुढचं स्टेशन विक्रोळी. तिथे रुळांच्या पूर्वेला या कंपनीचे कारखाने, कामगारांची वसाहत आणि खाडीकडची तिवरांची झाडी पसरलेली आहे. पण ज्याने हे सगळं सुरू केलं त्या अर्देशीर गोदरेज यांनी विक्रोळीचा कारखाना कधी पाहिलाच नाही. ते गेले 1936 साली, नाशिकला. विक्रोळीची जमीन त्यांच्या धाकट्या भावाने घेतली ती त्यानंतर सात वर्षांनी.

अर्देशीर यांचा जन्म मुंबईचा, 26 मार्च 1868 चा. पारशी कुटुंब, वडील बुर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. घरचा धंदा जमीन-इमारतींच्या व्यवहाराचा, त्यामुळे खाऊन-पिऊन सुखी. गोदरेज हे आडनावही घराण्यात पूर्वापार नव्हतं, ते 1871 मध्ये घेतलेलं. थोरल्या मुलाने शिकून वकील व्हावं आणि घराचं नाव वाढवावं अशीच चाल होती, आणि सुरुवातीला तसंच घडत होतं.

1890 साली त्यांचं लग्न झालं. बायकोचं नाव बचुबाई. संसाराला एक वर्षही नीट झालं नव्हतं, आणि 25 एप्रिल 1891 ला ती गेली. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर बचुबाई आणि नात्यातली एक मुलगी अशा दोघी चढल्या होत्या. त्या काळात लोक हौसेने वर चढून शहर बघायचे. दोघीही वरून खाली पडून मेल्या. वर कुणीतरी त्यांच्या अंगावर गेलं असा संशय उठला, पारशी समाज पेटला, एका तरुणावर खटला उभा राहिला आणि तो निर्दोष सुटला. त्या वर्षी मुंबईत दुसरी चर्चा नव्हती. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, त्यांना मूलबाळही झालं नाही. बायको गेल्यावर कोर्टात काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे या माणसाने वकील होण्याआधीच जवळून पाहिलं होतं.

1894 मध्ये ते वकील झाले. मुंबईच्या एका सॉलिसिटर कंपनीने त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झांजीबारला एक खटला लढवायला पाठवलं. खटला बरा चालला होता. पण एका टप्प्यावर आपल्या पक्षकाराची बाजू मांडताना जे खरं वाटत नाही ते ठामपणे सांगावं लागणार, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नकार दिला. पक्षकाराने समजावलं, वरिष्ठांनी समजावलं, हे ऐकेनात. गोदरेज परत मुंबईला आले आणि वकिलीचा नाद कायमचा सुटला. व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल, आणि तेव्हाही म्हणालेच असणार. पुढे कुलपाच्या धंद्यात हाच वेडेपणा कामी आला.

कात्री-चिमट्यांवरून अडलं

परत आल्यावर त्यांनी केम्प अँड कंपनी या औषधांच्या दुकानात साध्या मदतनीसाची नोकरी धरली. तिथे डॉक्टरांना लागणारी शस्त्रक्रियेची हत्यारं त्यांनी पाहिली. सगळी विलायती. ही इथे का बनू नयेत, या विचाराने त्यांनी वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये उसने घेतले. तीन हजार म्हणजे त्या काळी लहान रक्कम नव्हे. चाकू, चिमटे, कात्र्या तयार झाल्या आणि चांगल्याही झाल्या.

अडलं ते शिक्क्यावर. इंग्रज खरेदीदाराला माल पसंत होता, पण त्यावर तो भारतात बनला असं लिहिलेलं त्याला नको होतं. लोक घेणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. अर्देशीर यांचं म्हणणं उलट. माल इथला आहे तर इथलाच म्हणून विकायचा. दोघांपैकी कुणीच मागे हटलं नाही आणि धंदा बसला. झांजीबारनंतर दुसऱ्यांदा हा माणूस एका शब्दावरून रिकाम्या हाताने घरी आला, आणि या वेळी डोक्यावर कर्जही होतं.

मग 1897 उजाडलं. आदल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी मांडवी भागात प्लेग शिरला होता आणि आता मुंबई रिकामी होत होती. लाखो लोक घरं बंद करून कोकणात, घाटावर, गुजरातेत आपापल्या गावी निघून गेले होते. अर्देशीर यांनी वर्तमानपत्रात शहरातल्या घरफोड्यांची बातमी वाचली. पोलीस लोकांना आपापली घरं नीट बंद करण्याचा इशारा देत होते.

नीट बंद करायचं तरी कशाने? बाजारात कुलपं दोन प्रकारची. एक विलायती, चांगली पण सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. दुसरी देशी, हाताने घडवलेली. कारागीर हुशार असले तरी एकाच साच्यावर एकाच मापाची कुलपं निघायची, आणि एका घराची किल्ली शेजारच्या घराला लागली तर कुणाला नवल वाटत नसे. चोराने चार-पाच किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला की त्याचं अर्धं काम झालं.

अर्देशीर पुन्हा कामाशेठकडे गेले. आधीचे पैसे बुडालेले, तरी नवीन मागायला. आपल्या समाजात आजवर कुणी कुलपं बनवलीत का, असं कामांनी विचारलं. अर्देशीर यांना ते ठाऊक नव्हतं. आपण पहिले असलो तर बरंच, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. पैसे मिळाले. 7 मे 1897 ला लालबागमध्ये गॅस कंपनीजवळ एका शेडमध्ये काम सुरू झालं. शेड केवढी, तर 215 चौरस फूट. म्हणजे आपल्याकडची गुरांची एक बेताची पडवी. त्यात डझनभर कारागीर, गुजरात आणि मलबारकडून आणलेले.

या कामांच्या उपकाराची पुढची गोष्टही इथेच सांगून टाकलेली बरी. धंदा चालायला लागल्यावर अर्देशीर पैसे परत करायला गेले. कामा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. माझ्या पुतण्याला तुझ्या धंद्यात घे, एवढंच मागितलं. पुतण्याचं आडनाव बॉईस. तो काही फार काळ टिकला नाही, पण अर्देशीर यांनी त्याचं नाव पाटीवरून काढलं नाही. गोदरेज अँड बॉईस यातला बॉईस कुणी इंग्रज साहेब असावा असं अनेकांना वाटतं. तो पारशीच होता.

कुलपाच्या पोटात काय असतं

अर्देशीर यांनी पहिल्या कुलपाला अँकर म्हणजे नांगर असं नाव दिलं आणि सोबत हमी दिली. या कुलपाला याचीच किल्ली लागेल, दुसरी कुठलीही लागणार नाही, आणि कुणाला ते तार घालून उघडता येणार नाही. अशी हमी देणं म्हणजे काय, हे समजायला कुलपाच्या आत डोकवावं लागेल.

चांगल्या कुलपाच्या आत पितळेच्या चपट्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. दुकानदार सहा लिव्हरचं, आठ लिव्हरचं कुलूप म्हणून सांगतो ते हेच. प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. किल्ली फिरली की किल्लीचा एकेक दात एकेक लिव्हर उचलतो. सगळे लिव्हर बरोब्बर ठरलेल्या उंचीवर आले तरच खाचा एका रेषेत येतात आणि आतला बोल्ट सरकतो. एखादा लिव्हर कमी उचलला तरी अडलं, जास्त उचलला तरी अडलं.

आता हिशेब करून बघा. चार लिव्हर आणि प्रत्येकाला चार उंच्या शक्य असतील, तर वेगवेगळ्या किल्ल्या निघतात 256. तेवढ्यावर हजार कुलपं बाजारात आणली, तर एकेका किल्लीला सरासरी चार कुलपं उघडणारच. लिव्हर सहा केले आणि उंच्या पाच, तर आकडा जातो 15,625 वर. त्यातल्या काही जुळण्या कामाच्या नसतात त्या सोडा, तरी फरक लक्षात येतो. पण हा आकडा कागदावरचा. तो प्रत्यक्षात आणायचा तर प्रत्येक खाच केसाएवढ्या फरकाने अचूक कापावी लागते. माप ढिलं असलं की आठ लिव्हरचं कुलूपही खिळ्याने उघडतं. अर्देशीर यांची खरी कमाई ही, की प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी ठेवायची आणि माप सोडायचं नाही, हे त्यांनी लालबागच्या त्या शेडमध्ये करून दाखवलं.

तरीही कुठलंही कुलूप कुणालाच उघडणार नाही, हे म्हणणं धाडसाचं आहे. जगात असं म्हणणाऱ्यांचं काय झालं ते अर्देशीर यांच्या आधी घडून गेलं होतं. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने 1790 मध्ये आपलं कुलूप दुकानाच्या काचेत ठेवलं आणि जो उघडेल त्याला 200 गिनी बक्षीस लावलं. साठ वर्षं ते कुणाला उघडलं नाही. दुसरं कुलूप चब यांचं, 1818 सालचं. त्याच्यावर तर इंग्रज सरकारने एका कैद्याला बसवलं होतं. कैदी मुळात कुलपंच बनवणारा. उघडलंस तर शिक्षा माफ, असं त्याला सांगितलं होतं. काही महिने खटपट करून त्याने हात टेकले. मग 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. त्याने चबचं कुलूप साधारण 25 मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपाला त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले, पण तेही उघडलं. अख्खं इंग्लंड हादरलं.

यातून कुलूपवाल्यांनी काय शिकायचं ते शिकले. कुलपाची ताकद मिनिटांत आणि तासांत मोजायची असते. एक्कावन्न तास साहेबाच्या डोळ्यांसमोर खुर्ची टाकून बसायला मिळाले म्हणून हॉब्ज जिंकला. रात्री दोन वाजता, कुत्री भुंकत असताना, चोराला एवढा वेळ कोण देतो?

मुनीमजींचा बंदोबस्त

चोर बाहेरूनच येतो असंही नाही. पेढीवर किल्ली मुनीमाकडे असते, वाड्यात गड्याकडे. एक दिवस किल्ली मेणात दाबून ठसा घेतला की दुसरी किल्ली तयार. या दुखण्यावर अर्देशीर यांनी गॉर्डियन नावाचं कुलूप काढलं. त्याच्या दोन किल्ल्या. पहिली रोजच्या वापराची. दुसरी मालकाने जपून ठेवायची. पहिलीची नक्कल झाल्याचा संशय आला तर मालकाने दुसरी किल्ली लावून आतली मांडणीच बदलायची, मग पहिली किल्ली आणि तिच्या सगळ्या नकला निकामी.

दुसरं डिटेक्टर कुलूप. ही युक्ती मूळची चब यांची. कुणी चुकीची किल्ली किंवा तार घातली आणि एखादा लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला गेला, की आतला एक खटका पडून कुलूप जाम होतं. चोराला उघडत नाही, आणि मालक आला की त्यालाही पहिल्या फेरीत उघडत नाही. खरी किल्ली उलटी फिरवली की खटका सुटतो. मालकाला तेवढ्यावरून कळतं की आपल्या माघारी कुणीतरी हात लावून गेलंय. आजकाल मोबाईलवर चुकीचा पासवर्ड टाकला की मेसेज येतो, त्याचाच हा लोखंडी पणजोबा.

मग स्प्रिंग. लिव्हर जागेवर परत यायला मागे बारीक स्प्रिंग असते. मुंबईची दमट हवा, कोकणातला पाऊस, त्यात स्प्रिंग गंजते, तुटते. तुटली की चोराचं काही बिघडत नाही, मालकाचं दार मात्र उघडत नाही. अर्देशीर आणि त्यांचे धाकटे भाऊ पिरोजशा यांनी बिनस्प्रिंगचं कुलूप तयार केलं आणि 1909 मध्ये त्याचं ब्रिटिश पेटंट मिळवलं. शस्त्रक्रियेच्या कात्रीवर भारताचं नाव नको म्हणणाऱ्यांच्याच देशात हे पेटंट नोंदलं गेलं.

मालकाचं दार मालकालाच उघडत नाही, ही या धंद्याची दुसरी बाजू आहे. ज्याची किल्ली हरवली त्यालाच तिची किंमत कळते. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळ किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसणारा चावीवाला साधं कुलूप पाच मिनिटांत उघडून देतो. त्याच्या हातात कसब असतंच. पण पाच मिनिटांत उघडलं याचा अर्थ कुलूपही तेवढंच होतं. नमुन्याची किल्ली दिली तर तो नक्कल घासून देईल. किल्ली नसेल तर हाताच्या अंदाजाने कपाटाचं साधं लॉक उघडेल. चांगल्या मापाचं, जास्त लिव्हरचं कुलूप समोर आलं की मात्र प्रामाणिक चावीवाला हात वर करतो. हे उघडणार नाही, कापावं लागेल, असं सांगतो. तिजोरीला तर तोही उपाय नाही. कंपनीचा माणूस बोलवायचा, त्याने नेमक्या जागी ड्रिल मारायचं. त्यात तास जातात, आणि लॉक नवीन बसवावं लागतं ते वेगळंच.

बँकेच्या लॉकरचंही असंच. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. ग्राहकाच्या किल्लीची दुसरी प्रत बँकेकडे नसते, हे अनेकांना किल्ली हरवल्यावरच कळतं. मग अर्ज करायचा, आपल्या आणि साक्षीदारांच्या समोर लॉकर फोडून घ्यायचा आणि खर्च आपणच भरायचा. लोक बँकेवर चिडतात. पण दुसरी प्रत कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असती तर लॉकर घेण्यात अर्थ काय उरला असता? जे कुलूप अडचणीच्या वेळी कुणीही उघडून देऊ शकतो, ते नको त्या वेळीही उघडतं. अर्देशीर यांच्या हमीचं ओझं विकणाऱ्यावर होतं तसं विकत घेणाऱ्यावरही होतं. नवीन कुलपाच्या किल्लीवर किंवा सोबतच्या कार्डावर नंबर असेल तर तो वेगळ्या जागी लिहून ठेवावा, एवढं तरी आपल्या हातात असतं.

चोर कुलपाला सोडून पत्र्याला लागला तर

कुलूप पक्कं झालं की चोर पेटीला लागतो. पेटीचे जोड उचकटतो, मागचा पत्रा कापतो. म्हणून 1901-02 च्या सुमाराला गोदरेज तिजोरीकडे वळले. तेव्हाच्या देशी तिजोऱ्या पत्रे रिव्हेटने जोडून केलेल्या असत, आणि जितके जोड तितक्या फटी. अर्देशीर यांनी शक्य तेवढे जोड काढून टाकायचे ठरवले. एकच पत्रा ठिकठिकाणी वाकवून पेटीचं अंग तयार करायचं, म्हणजे पहार घालायला फटच राहत नाही.

आगीचा प्रश्न त्याहून अवघड. लोखंड जळत नाही, पण तापतं, आणि आतल्या नोटा, दस्तऐवज, खातेवह्या करपून काळ्या होतात. यावर उपाय म्हणजे दुहेरी भिंत. दोन पत्र्यांच्या मध्ये तुरटीसारखा पदार्थ भरायचा. तापला की तो आतलं पाणी सोडतो आणि वाफेमुळे बराच वेळ आतली उष्णता चढत नाही. बराच वेळ, कायमचा नाही. इथेही हिशेब पुन्हा तासांचाच. तिजोऱ्या लोकांसमोर आगीत घालून दाखवल्या गेल्या. इंग्लंडची राणी मेरी 1911-12 मध्ये भारतात आली तेव्हा तिच्या सामानाबरोबर गोदरेजची तिजोरी होती, असं कंपनी आजही अभिमानाने सांगते. त्याहून मोठी परीक्षा अर्देशीर यांच्या मागे झाली. 14 एप्रिल 1944 ला मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. जहाजातल्या सोन्याच्या विटा उडून लांब जाऊन पडल्या, आसपासची गोदामं दिवसेंदिवस जळत होती. त्या राखेतून गोदरेजच्या तिजोऱ्या आतल्या कागदांसकट शाबूत निघाल्या, असंही सांगतात.

एवढा यशस्वी माणूस देशाच्या चळवळीत कुठे होता? दादाभाई नौरोजींचे विचार त्यांना पटलेले होते. इंग्रज इथला पैसा बाहेर नेतो, तर तो थांबवायला वस्तू इथे बनल्या पाहिजेत, हे त्यांचं गणित. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. लालबागच्या शेडपासून चोवीस वर्षांत तीन हजारांच्या कर्जदाराने तीन लाखांची देणगी दिली. पण स्वदेशीच्या बाबतीत ते पुढाऱ्यांशी सरळ भांडले. माल देशी आहे एवढ्यासाठी लोकांनी वाईट वस्तू घ्यावी, हे त्यांना मान्य नव्हतं. घेतली तर एकदा घेतील, आणि पुढच्या वेळी विलायतीच मागतील, उलट देशी मालाचं नाव कायमचं खराब होईल. सभेत टाळ्या मिळवणारं हे बोलणं नव्हतं. कुलूप विकणाऱ्याला मात्र दुसरं सुचणारही नाही, कारण वाईट साबण लागला तर अंग खाजतं, वाईट कुलूप लागलं तर घर जातं.

साबणाचं नाव उगाच आलं नाही. तेव्हा साबणात सर्रास जनावरांची चरबी असायची, आणि म्हणून कित्येक घरांत तो शिवतही नसत. अर्देशीर यांनी वनस्पती तेलापासून साबण बनवला आणि 1918 मध्ये बाजारात आणला. धुण्याच्या त्या पहिल्या साबणाचं नाव ठेवलं चावी. 1923 च्या सुमाराला लोखंडी कपाटंही सुरू झाली, तीच आपल्या लग्नातली.

अर्देशीर डोक्याने कारागीर. धंदा वाढवणं, हिशेब, कामगार, हे पिरोजशांनी उचललं. 1928 मध्ये साठीला आल्यावर अर्देशीर यांनी कारखाना भावाच्या हाती दिला आणि नाशिकला जाऊन शेती धरली. मुंबईत मोठं नाव असलेल्या माणसाने या वयात मातीत हात घालावा, हे त्यांच्या ओळखीच्यांना चमत्कारिक वाटलं असेल. पण वकिली सोडून चिमटे घडवणाऱ्याला त्यात काय विशेष. तिथेच जानेवारी 1936 मध्ये ते वारले.

पिरोजशांनी 1943 मध्ये हायकोर्टाच्या लिलावात विक्रोळीची जमीन घेतली. तेव्हा घाटकोपर-मुलुंडचा हा पट्टा मुंबईच्या बाहेरच समजला जायचा. भाताची खाचरं, गवत, मिठागरं आणि खाडी. स्वातंत्र्यानंतर तिथे कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक होतं 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या. सरकारला पेटी हवी होती पाच रुपयांत. बाहेरून वेगळं कुलूप लावायचं म्हटलं तर या किमतीत बसेना. तेव्हा कारखान्यातल्याच एका कारागिराने कुलपाचा खटका पेटीच्या आत बसवायची युक्ती काढली, म्हणजे बाहेर लटकवायला आणि फोडायला काही उरलंच नाही. अशा 12 लाखांहून जास्त पेट्या विक्रोळीतून रेल्वेने देशभर गेल्या, आणि तिथून बैलगाडीने, होडीने, डोक्यावरून खेड्यापाड्यांत पोचल्या.